डावा कान, मऊ जमीन आणि अंधार

चक्कर थांबली म्हणजे आजार संपला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या बाबतीत चक्कर थांबल्यानंतर खरी अडचण सुरू झाली आणि ती नेमकी कशाची आहे हे कळायला काही महिने गेले. मी परभणी जिल्ह्यातील सेलू येथे एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. कान हे ऐकण्याबरोबरच तोल सांभाळण्याचेही इंद्रिय आहे, हे मुलांना इतकी वर्षे शिकवत आले. परंतु तो तोल यंत्रावर मोजता येतो, त्यात कोणता भाग कमी पडतो आहे हे आकड्यांत दाखवता येते आणि गेलेला तोल ठरावीक व्यायामांनी बऱ्याच अंशी परत मिळवता येतो, हे मला स्वतः त्या प्रक्रियेतून जाईपर्यंत ठाऊक नव्हते. मराठवाड्यात या त्रासाची माणसे गावोगावी भेटतात आणि त्यांतील बरीचशी वर्षानुवर्षे चक्करेच्या गोळ्यांवर दिवस काढतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मागच्या वर्षी पावसाळा संपत आला असताना एका पहाटे मी अंथरुणातून उठले आणि सगळी खोली गरगर फिरू लागली. डोळे मिटले तरी फिरणे थांबत नव्हते, उलट्यांवर उलट्या होत होत्या आणि उभे राहण्याचा प्रयत्न केला की शरीर डावीकडे कलंडत होते. ऐकू नीट येत होते, बोलणे स्पष्ट होते, हातापायांत शक्ती होती. गावातल्या दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शने झाली, आणि काही दिवसांत ते भयंकर फिरणे ओसरले. घरच्यांना हायसे वाटले. मलाही वाटले.

त्यानंतर शाळेत रुजू झाले, तेव्हा फळ्यावर लिहून मुलांकडे वळले की क्षणभर सगळे चेहरे पुसट होऊन सरकत. मान थांबली की दृश्यही थांबे, पण ते थोडे उशिरा. रस्त्याने चालताना कोणी हाक मारली आणि मागे वळून पाहिले, तर पाय आपोआप डावीकडे पडत. आठवडी बाजारात, जिथे चहूबाजूंनी माणसे, हातगाड्या आणि रंगीत कापडे हलत असतात, तिथे उभे राहणे नकोसे होई. सर्वांत वाईट अनुभव शेताच्या वाटेवर येई. आमची जमीन काळी आहे. पाऊस पडून गेल्यावर ती पायाखाली दबते आणि पाऊल कुठे टेकले आहे याचा अंदाज पायाला येत नाही. दिवसा मी त्या वाटेने सावकाश जाऊ शकत होते. संध्याकाळी अंधार पडल्यावर मात्र कोणाचा तरी हात धरल्याशिवाय मला दोन पावले टाकता येत नव्हती. असा फरक का पडतो, याचे उत्तर मला कोणी देऊ शकत नव्हते.

रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन सगळे तपासून झाले. एकाने पित्त सांगितले, एकाने अशक्तपणा सांगितला. एका ठिकाणी मानेचा एक्स-रे काढून मणक्यांत झीज असल्याचे सांगण्यात आले आणि गळ्यात कॉलर बसवण्यात आली. पन्नाशीच्या आसपास मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते, आणि तिचा चक्करेशी संबंध असेलच असे नाही, हे मला नंतर समजले. कॉलरमुळे मान हलणे जवळजवळ बंद झाले, चक्करेच्या गोळ्या सुरूच राहिल्या, आणि मी जितकी जपून राहू लागले तितकी अधिक अस्थिर होत गेले.

शेवटी एका सहकारी शिक्षकांच्या सांगण्यावरून छत्रपती संभाजीनगर येथे कान-नाक-घशाच्या एका तज्ज्ञांकडे गेले. त्यांच्याकडे तोलाच्या तपासण्यांची स्वतंत्र सोय होती. सेलूहून परतूर आणि जालना मागे टाकत रेल्वेने संभाजीनगर गाठता येते. खिडकीबाहेर पळणारे खांब मला सोसत नसल्यामुळे तो सगळा प्रवास मी मान खाली घालून केला. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कोणतेही यंत्र वापरले नाही. ते केवळ विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते की पाय भरकटतात? हे काही सेकंद टिकते, काही तास टिकते की दिवसभर असते? कुशीवर वळल्यावर होते का? कानात आवाज येतो का, ऐकू कमी येते का? मग त्यांनी मला उभे करून डोळे मिटायला सांगितले, एकाच जागी पाऊल उचलून चालायला सांगितले, आणि डोळे उघडले तेव्हा मी डावीकडे बरीच वळलेली होते. एक २५ प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घेतली. जिना उतरताना, गर्दीत, अंधारात, अंथरुणात कूस बदलताना त्रास होतो का, या त्रासामुळे घराबाहेर पडणे टाळता का, असे ते प्रश्न होते. आपल्याला होणारे सगळे कोणी तरी आधीच लिहून ठेवले आहे, हे पाहून मला मोठा आधार वाटला.

त्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. अचानक आलेल्या चक्करेबरोबर जर एकाच्या जागी दोन दिसू लागले, बोलणे अडखळले, चेहऱ्याची किंवा शरीराची एक बाजू बधिर अथवा लुळी पडली, अतिशय तीव्र डोकेदुखी झाली किंवा आधार घेऊनही उभे राहता आले नाही, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. तेव्हा तोलाच्या तपासणीची वेळ ठरवत बसू नये. लगेच मोठे रुग्णालय गाठावे.

तपासणीसाठी पुढची तारीख मिळाली. येण्याच्या ४८ तास आधीपासून चक्करेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण त्या कानाकडून येणारा संदेश दडपतात आणि मग यंत्रावर खोटेच चित्र उमटते. तपासणीपूर्वी पोटभर जेवायचे नाही. सोबत कोणी तरी असावे. आणि डोळ्यांत काजळ घालू नये, अशा सूचना होत्या. काजळाचे कारण मी विचारले. डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा काळ्या बाहुलीचा माग काढत असतो, आणि पापणीवरचे काजळ त्याला बाहुलीच वाटू शकते, असे तिथल्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण आणि तोल यांच्या तपासण्या करणाऱ्या मुलीने सांगितले.

प्रथम श्रवणाची तपासणी झाली आणि दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता चांगली निघाली. मग व्हीएनजी, म्हणजे कॅमेऱ्याने डोळ्यांच्या हालचाली नोंदवणारी तपासणी. पोहताना घालतात तसा, पण जड चष्मा डोळ्यांवर बांधला जातो आणि त्यात अवरक्त किरणांवर चालणारे छोटे कॅमेरे असतात, म्हणून पूर्ण अंधारातही डोळे पडद्यावर स्पष्ट दिसतात. समोरच्या पडद्यावरील ठिपका उडी मारील तशी नजर मारायची, तो हळू सरकला की त्याच्यामागे नजर न्यायची, पट्टे सरकू लागले की ते पाहत राहायचे. हा भाग मेंदूतील नेत्रहालचालींची केंद्रे ठीक आहेत ना हे पाहण्यासाठी असतो, आणि तो माझ्या बाबतीत निर्दोष निघाला. त्यानंतर चष्म्याचे झाकण लावून अंधार करण्यात आला आणि समोर सरळ पाहायला सांगितले. मला काहीच वेगळे जाणवत नव्हते. पडद्यावर मात्र माझे डोळे हळूहळू डावीकडे सरकत होते आणि झटक्याने उजवीकडे परतत होते, पुन्हा सरकत होते, पुन्हा परतत होते. उजेडात एखाद्या वस्तूवर नजर टेकवली की ते थांबत. डोळ्यांचे हे झटके उजेडात दबतात आणि अंधारात उघड होतात, तेव्हा दोष बहुधा कानाच्या किंवा त्याच्या मज्जातंतूच्या पातळीवर असतो.

पुढची कॅलोरिक तपासणी या सगळ्यांत अवघड आणि, विज्ञानाची शिक्षिका म्हणून, मला सर्वांत विलक्षण वाटली. आडवे झोपवून डोके ३० अंश वर ठेवले जाते, त्यामुळे आतल्या कानातील एरवी आडवी असणारी नलिका उभी होते. मग कानात एकदा ३० आणि एकदा ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडतात, म्हणजे शरीराच्या ३७ अंशांपेक्षा सात अंशांनी थंड आणि सात अंशांनी गरम. तापमानातील फरकाने नलिकेतील द्रव जड किंवा हलका होऊन खाली-वर होतो, आणि डोके स्थिर असूनही मेंदूला ते फिरत असल्याचा संदेश मिळतो. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या वैद्याला हे सुचले ते रुग्णांचे कान धुताना. पाणी थंड की गरम, यावर डोळ्यांच्या झटक्यांची दिशा बदलते हे त्याने ओळखले. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, आणि ते जाहीर झाले तेव्हा तो पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होता.

उजव्या कानात पाणी गेल्यावर काही क्षणांतच मी जणू खाटेसकट फिरू लागले. त्या काळात मन जागे राहावे लागते, नाही तर प्रतिसाद मंदावतो, म्हणून ऑडिओलॉजिस्ट सतत बोलते ठेवत होती. "काकू, मराठवाड्याचे आठही जिल्हे सांगा. थांबू नका." मी छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली असे म्हणत गेले आणि नांदेड, बीड, लातूर करत धाराशिवपर्यंत येईतो फिरणे कळसाला पोहोचले होते. दीड-दोन मिनिटांत ते ओसरले. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा मी घाबरून खाटेची कड घट्ट धरली, आणि काहीच झाले नाही. पाणी थंड लागले, गरम लागले, एवढेच. मला वाटले, हा कान चांगला दिसतो. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि समजावले की ज्या कानाने मला फिरवले तो निरोगी आहे. ज्याने काहीच केले नाही, त्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंच्या प्रतिसादांत साधारण २५ टक्क्यांहून अधिक फरक असला तर एक बाजू दुर्बल मानतात. माझ्यात तो ६० टक्क्यांच्या वर होता.

कॅलोरिक तपासणीत नलिकेला अतिशय संथ हालचालीचा भास दिला जातो, तर प्रत्यक्ष जगण्यात मान झटक्याने वळते. त्यासाठी व्हीहिट ही दुसरी तपासणी असते. भिंतीवरील ठिपक्याकडे एकटक पाहायचे आणि मागे उभ्या असलेल्या तज्ज्ञाने डोके अचानक, थोडेसेच, पण वेगाने उजवीकडे किंवा डावीकडे वळवायचे. डोके जितके एका बाजूला जाते तितकेच डोळे उलट बाजूला जायला हवेत, म्हणजे नजर ठिपक्यावरून ढळत नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया शरीरातील अत्यंत वेगवान क्रियांपैकी एक आहे. तिला सुमारे १० मिलिसेकंद पुरतात. डोळ्यांचा वेग आणि डोक्याचा वेग यांचे गुणोत्तर १ च्या जवळ असावे. माझे उजवीकडे ते तसेच होते, डावीकडे ०.४ भरले, आणि प्रत्येक झटक्यानंतर डोळे मागे पडून मग उडी मारून ठिपका गाठताना दिसत होते. फळ्याकडून मुलांकडे वळताना चेहरे का सरकत, हे त्या आलेखात माझ्यासमोर रेखाटलेले होते. इतके महिने जे शब्दांत सांगता येत नव्हते ते कागदावर पाहून माझे डोळे भरून आले.

शेवटी पोश्चुरोग्राफी, म्हणजे उभे असतानाचा तोल मोजणारी तपासणी. तीन बाजूंनी भिंत असलेल्या एका चौकटीत, पायाखाली दाब मोजणारा फलक, अंगाला छतापासून टांगलेला पट्टा, अशा अवस्थेत उभे राहायचे. ही पद्धत अमेरिकेतील लुईस नॅशनर यांच्या संशोधनातून उभी राहिली आणि अवकाशातून परतलेल्या अंतराळवीरांचा तोल तपासण्यासाठीही ती वापरली गेली. सहा परिस्थिती असतात आणि प्रत्येकीत २० सेकंदांच्या तीन फेऱ्या. पहिल्या परिस्थितीत फलक स्थिर आणि डोळे उघडे. दुसरीत डोळे मिटायचे. तिसरीत डोळे उघडे, पण आपण जसे झुकू तशी समोरची भिंतही झुकते, त्यामुळे डोळ्यांना आपण झुकलो हेच कळत नाही. चौथ्या परिस्थितीत भिंत स्थिर राहते आणि फलक आपल्याबरोबर कलतो. घोट्याचा कोन बदलत नाही, म्हणून पायांकडून येणारी माहिती फसवी ठरते. पाचवीत फलक कलतो आणि डोळेही मिटलेले असतात. सहावीत फलक आणि भिंत दोन्ही फसवतात. पाचव्या आणि सहाव्या परिस्थितीत डोळे आणि पाय दोघेही निरुपयोगी होतात आणि माणसाला फक्त आतल्या कानाच्या भरवशावर उभे राहावे लागते.

पहिल्या चार परिस्थितींत मी उभी राहिले, चौथीत थोडी डगमगत. पाचवीत डोळे मिटले आणि दोन-तीन सेकंदांत पट्ट्यावर लोंबकळले. पुन्हा केले, पुन्हा पडले. सहावीतही तसेच. पडल्यावर त्या फेरीचा गुण शून्य धरतात. अजिबात न हलता उभे राहणाऱ्याला १०० मिळतात. संगणकाने काढलेल्या स्तंभालेखात चार हिरवे स्तंभ होते आणि शेवटच्या दोन जागा रिकाम्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही डोळ्यांवर आणि पायांवर चालत आहात. कानाचे काम मेंदूने अजून हाती घेतलेले नाही." दबणारी काळी जमीन आणि संध्याकाळचा अंधार! आमच्या शेताच्या वाटेवर निसर्ग माझी पाचवी परिस्थिती रोज मांडत होता. दिवसा डोळे मदतीला असत म्हणून मी चालू शके.

निदान व्हेस्टिब्युलर न्यूरायटिसचे झाले, म्हणजे डाव्या बाजूच्या तोलाच्या मज्जातंतूला आलेली सूज. ती बहुधा विषाणूमुळे येते असे मानले जाते. ऐकण्याचा मज्जातंतू वेगळा असल्याने श्रवण शाबूत राहिले होते. डोके स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूला सारखे संदेश जात असतात. बैलजोडीतला एक बैल खाली बसला की गाडी एका बाजूला ओढली जाते, तसे एक कान गप्प झाल्यावर मेंदूला आपण फिरत आहोत असे वाटते. काही दिवसांत मेंदू हा असमतोल शांत अवस्थेपुरता सांभाळून घेतो, म्हणून चक्कर थांबते. हालचालीपुरता तो सांभाळायला मात्र मेंदूला चुका दिसाव्या लागतात. मान हलली, दृश्य सरकले, तर ती चूक दुरुस्त करण्याची गरज त्याला कळते. मान हलवलीच नाही, किंवा गोळीने तो संदेशच दडपला, तर शिकण्यासारखे त्याच्यापुढे काही राहत नाही. चक्करेच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांच्या उलट्यांसाठी आवश्यक असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या हीच सुधारणा रोखतात. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केल्या आणि कॉलर त्याच दिवशी निघाली.

पुनर्वसनाची जबाबदारी केंद्रातील फिजिओथेरपिस्ट ताईंकडे होती. या व्यायामांची सुरुवात इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी केली, हे त्यांनीच सांगितले. कानाच्या आणि डोक्याच्या दुखापतींचे रुग्ण अंथरुणात पडून राहण्यापेक्षा चालते-फिरते ठेवले तर लवकर सुधारतात, हे त्या दोघांच्या ध्यानात आले होते. आता तपासणीतील दोषाप्रमाणे प्रत्येकाचा कार्यक्रम वेगळा आखतात. मला आठवड्या-आठवड्याला संभाजीनगरला जाणे परवडणारे नव्हते, त्यामुळे बहुतांश व्यायाम घरी आणि अधूनमधून केंद्रावर, असे ठरले.

घरचा पहिला व्यायाम वरकरणी अगदी साधा होता. पुठ्ठ्यावर ठळक 'क' लिहून तो डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर लावायचा, त्याच्यासमोर बसायचे आणि अक्षर स्पष्ट दिसत राहील अशा बेताने मान डावी-उजवीकडे हलवत राहायचे, एक मिनिटभर. मग वर-खाली. दिवसातून चार-पाच वेळा. मोबाइलवर ताल देणारे ॲप लावून त्या ठोक्यावर मान हलवायची; अक्षर पुसट होऊ लागेल त्याच्या किंचित अलीकडचा वेग धरायचा. पहिल्या आठवड्यात त्या एका मिनिटाने मला मळमळून येई. ताईंनी त्यासाठी मोजमाप दिले होते. व्यायामाने त्रास वाढायलाच हवा, पण दहापैकी दोन-तीन इतकाच, आणि १५-२० मिनिटांत तो पूर्ववत व्हायला हवा. तासभर टिकला तर वेग कमी करायचा. काहीच त्रास झाला नाही तर व्यायाम सोपा झाला, तो वाढवायचा. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्रास म्हणजे बिघाड नव्हे, हे त्यामुळे पटले आणि भीती गेली.

बसून जमल्यावर उभे राहून, मग पाय जुळवून, मग 'क'च्या मागे चौकड्यांची चादर टांगून, कारण गजबजलेल्या पार्श्वभूमीवर नजर टिकवणे अधिक कठीण असते. पुढे पुठ्ठा हातात धरून तो एका बाजूला आणि मान विरुद्ध बाजूला. तोलासाठी घराच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून, दुमडलेल्या गादीवर उभे राहायचे. प्रथम डोळे उघडे, मग मिटून. कोपरा आणि खुर्ची यांची अट कधीही मोडायची नव्हती, आणि सोबत कोणी तरी असायलाच हवे होते. माझे पती रोज संध्याकाळी खुर्चीपाशी बसून राहत. शहाबादी फरशीच्या सांध्यावरून टाचेला चवडा लावत चालणे, व्हरांड्यात चालताना दर काही पावलांनी मान वळवून भिंतीवरच्या वस्तूंची नावे घेणे, हेही त्यात आले. शाळेत मी फळ्यावर कमी आणि मुलांकडे पाहत अधिक, अशी केलेली व्यवस्था ताईंनी मोडायला लावली. वळणे टाळायचे नाही, उलट मुद्दाम वळायचे, असे त्यांनी सांगितले.

केंद्रावर गेले की संगणकाची जोड मिळे. फलकावर उभे राहिल्यावर आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य पडद्यावर ठिपक्याच्या रूपात दिसतो. पाय न उचलता, घोट्यातून झुकत तो ठिपका आठ दिशांच्या चौकोनांपर्यंत न्यायचा. माझा ठिपका डावीकडच्या चौकोनांपर्यंत पोहोचतच नसे. मला मी सरळ उभी आहे असे वाटे आणि ठिपका उजवीकडे सरकलेला असे. डावीकडे पडण्याच्या भीतीने मी सतत उजव्या पायावर भार देत होते, हे आरशातही कधी दिसले नव्हते. डोळ्यांनी दिसणारी ही चूक काही भेटींत दुरुस्त झाली. पुढे सरकते पट्टे पाहत उभे राहणे आणि आभासी दृश्ये दाखवणाऱ्या चष्म्यातून बाजाराची गर्दी पाहणे सुरू झाले. यंत्राचा हा उपयोग खरा असला, तरी माझ्या मते सुधारणेचा मोठा वाटा घरातल्या पुठ्ठ्याचा आणि गादीचा आहे. यंत्राने काय करायचे आणि किती करायचे, हे ठरवून दिले. तालुक्याच्या ठिकाणी एवढे यंत्र नसेल, पण हे व्यायाम शिकवू शकणारे फिजिओथेरपिस्ट तिथेही असतात. त्यांच्याकडे याची चौकशी जरूर करावी.

मधल्या काळात सासूबाईंनाही चक्कर येऊ लागली. त्यांचे मात्र माझ्यापेक्षा निराळे होते. अंथरुणात उजव्या कुशीवर वळल्या की घर फिरे, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबे, आणि दिवसभर काही नसे. मी त्यांना सोबत नेले. डॉक्टरांनी त्यांना बसवून मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे झोपवले; काही सेकंदांनी डोळे ठरावीक पद्धतीने फिरू लागले. कानातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरले होते. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने डोके एकेका स्थितीत फिरवून ते कण परत आणण्यात आले, आणि सासूबाई त्याच दिवशी बऱ्या झाल्या. त्यांना कोणत्याही व्यायामाची गरज पडली नाही. नेमक्या तपासणीशिवाय दोघींनाही एकच गोळी मिळाली असती.

माझी सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. हिवाळ्यात ताप आला आणि झोप बिघडली, तेव्हा जवळजवळ सगळी लक्षणे परतली. मेंदूने बसवलेली ही घडी आजारपणात किंवा अतिश्रमात तात्पुरती विस्कटू शकते आणि व्यायाम चालू ठेवल्यास पहिल्यापेक्षा लवकर पुन्हा बसते, असे ताईंनी आधीच सांगून ठेवले होते. तसेच झाले.

काही महिन्यांनी सर्व तपासण्या पुन्हा झाल्या. कॅलोरिकमध्ये डावा कान पूर्वीइतकाच गप्प होता. मला वाईट वाटले, पण डॉक्टरांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. व्हीहिटमध्ये डावीकडचे गुणोत्तर ०.४ वरून ०.५ पर्यंतच गेले होते; मात्र डोळ्यांची ती भरपाईची उडी आता डोके थांबण्यापूर्वी, हालचाल चालू असतानाच पडत होती, आणि म्हणून चेहरे सरकताना दिसत नव्हते. पोश्चुरोग्राफीत एकूण गुण माझ्या वयाच्या सर्वसामान्य मर्यादेत आले. पाचव्या परिस्थितीतील तिन्ही फेऱ्यांत मी उभी राहिले. सहाव्या परिस्थितीत पहिल्या फेरीत पडले, पुढच्या दोन्हींत सावरले. २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत बहुतेक ठिकाणी 'नाही' असे उत्तर देता आले; गर्दीच्या प्रश्नापुढे अजून 'कधी कधी' लिहावे लागले.

आता बसून करायचे व्यायाम बंद झाले आहेत. चालताना मान वळवणे, चालताना चेंडू उडवून झेलणे आणि गादीवर डोळे मिटून पाऊल उचलत उभे राहणे, एवढे आठवड्यातून बहुतेक दिवशी करते. शेतावर संध्याकाळी एकटी जाते, हातात विजेरी ठेवते आणि ओल्या जमिनीवर पाऊल रुंद टाकते. डावा कान परत येणार नाही हे माहीत असल्याने ती सवय ताईंनी कायमची ठेवायला सांगितली आहे. गर्दीसाठी सरकत्या पट्ट्यांचा सराव अजून चालू आहे, आणि पुढची तपासणी सहावी परिस्थिती पाहण्यापुरतीच ठेवली आहे.